काशीच्या अध्यासनावरून लट्टलूर

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या कारकीर्दीत, इ. स. ८६६ च्या सुमारास, कर्नाटकातील निलगुंद आणि सिरूर या गावी जे दोन शिलालेख कोरले गेले त्यांत त्या चक्रवर्तीच्या नावामागे ‘लट्टलूरपुरपरमेश्वर’ असे बिरुद लावलेले आढळते. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे गुलबर्ग्याजवळचे मालखेड, येथे होती. नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंतचा प्रदेश त्याच्या सत्तेखाली होता. आणि सुलेमानासारखे अरब प्रवासी त्याला ‘बल्हारा’ म्हणून जगातील चार थोर राजांच्या पंक्तीला बसवीत होते. असे असता त्याने आपल्या वैभवशाली राजधानीचे नाव न मिरविता लट्टलूर नावाच्या कुठल्याशा नगराचे स्वामित्व मिरवावे, याचा अर्थ ते नगर त्याच्या कुळाचे मूलस्थान होते, एवढे उघड होते. मात्र ते कुठे होते यावर एकोणिसाव्या शतकातील पंडितांचे एकमत नव्हते. डॉ. फ्लीट यांच्यासारख्या जाणत्याने ते एके काळी छत्तीसगडात बिलासपुराकडील रतनपूर येथे नेऊन ठेवले होते. पुढे हे अनुमान मागे पडून निजामाच्या मुलखातील लातूर हेच लट्टलूर असे मत मान्य झाले. आणि त्या मताला ज्या ग्रंथाने पक्के अधिष्ठान दिले तो १९३४ साली पुण्याच्या ओरिएंटल बुक एजन्सीने प्रसिद्ध केलेला ‘द राष्ट्रकूटाज अँड देअर टाइम्स’ हा होय. ग्रंथकर्ते होते काशी हिंदू विश्वविद्यालयातील प्राध्यापक अनंत सदाशिव अळतेकर.

लातूर हे त्या वेळी उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण होते, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत ते त्याच जिल्ह्यात राहिले. म्हणून धाराशिवच्या माणसाने अळतेकरांना आपल्या जिल्ह्याचे इतिहासकार म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही, जरी त्यांचा जन्म या जिल्ह्यातला नव्हता आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाचे अध्यासन त्यांच्या वाट्याला आले नव्हते. ही गोष्ट विचित्र खरी. परंतु आपल्याकडे इतिहासाचा प्राध्यापक नावाचा मनुष्य कसा घडला, तो काय करीत असे आणि समाज त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत असे, हे पाहावयाचे झाल्यास या चरित्राइतके सोयीचे चरित्र दुसरे सापडणे कठीण.

अळतेकरांचा जन्म २४ सप्टेंबर १८९८ रोजी कोल्हापूरकडील म्हाकवे या खेड्यात झाला. एम. ए. झाले, वकिलीची परीक्षा दिली, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एखाद्या जिल्हा कोर्टात सनद लावून बसण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी ताम्रपटांची वाट धरली. त्यांचे आरंभीचे दोन ग्रंथ पाहिले म्हणजे पुढच्या साऱ्या कामाची दिशा कळून येते. १९२६ साली गुजरात-काठेवाडातील प्राचीन नगरांचा इतिहास, आणि १९२७ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेतून पश्चिम हिंदुस्थानातील ग्रामसंस्थांचा इतिहास. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, गोतसभा, मजहर, वतन, हक्क आणि लवाजमे या साऱ्या गोष्टी पेशवाईच्या दप्तरांतून मराठी वाचकाला ठाऊक होत्या. त्यांची मुळे मागे शिलालेखांच्या काळापर्यंत नेऊन पाहण्याचा उद्योग हा कोल्हापूरकडचा तरुण करीत होता. हेन्री मेन प्रभृतींनी हिंदुस्थानातील खेड्यांविषयी जी ढोबळ प्रमेये मांडली होती ती पश्चिम हिंदुस्थानाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे त्याला दाखवावयाचे होते. वादाची ही खुमखुमी पुढे वयाबरोबर निवळली, परंतु नाहीशी कधी झाली नाही.

अशा तरुणाने महाराष्ट्र सोडून काशीला का जावे? उत्तर अगदी व्यावहारिक आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे खरे, पण ते बव्हंशी परीक्षा घेणारे. इतिहासाचे अध्यापन कॉलेजांतून चाले आणि तेथला प्राध्यापक वर्षानुवर्षे इंग्लंडचा इतिहास सांगून मुलांना परीक्षेस बसवीत असे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले, पुणे विद्यापीठाचे काम सुरू व्हावयास १९४९ साल उजाडावे लागले. प्राचीन भारताच्या इतिहासाला स्वतंत्र अध्यासन पाहिजे ही कल्पना कलकत्त्याला व काशीला रुजली; आणि कलकत्त्याच्या कारमायकेल अध्यासनावर १९१७ पासून १९३६ पर्यंत बसलेले देवदत्त रामकृष्ण भांडारकरही मराठीच होते. म्हणजे विद्वान महाराष्ट्राने पुरवावा आणि खुर्ची बंगालने अगर संयुक्त प्रांताने द्यावी, असा हा व्यवहार होता.

यामागे दुसरेही एक कारण आहे, आणि ते आपल्या स्वभावातले आहे. महाराष्ट्रात इतिहासकाराची जी मूर्ती लोकांच्या डोळ्यांपुढे होती ती विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांची: नोकरी नाही, द्रव्य नाही, पाठीवर वळकटी, गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल उतरवून घेणारा, कुणाशी पटवून न घेणारा तापट तपस्वी. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच वृत्तीच्या माणसांच्या बळावर. त्या वातावरणात ‘प्रोफेसर’ हा शब्द किंचित उपरोधाने उच्चारला जाई. पगार घेऊन इतिहास शिकविणारा आणि पदरमोड करून इतिहास शोधणारा यांत मान दुसऱ्याला होता. तो मान रास्तच होता, परंतु त्यामुळे आपल्याकडे संशोधन हे व्यक्तीच्या तपश्चर्येवर अवलंबून राहिले, ते एखाद्या विद्यापीठाच्या विभागाचे नित्याचे काम झाले नाही. आणि तपस्वी गेला की त्याची बाडे वाळवीच्या ताब्यात जात. अळतेकरांनी काशीस राहून जी गोष्ट केली ती अशी की, संशोधकाची वृत्ती त्यांनी प्राध्यापकाच्या नोकरीत चालवून दाखविली.

कासिमबाजारचे महाराज मणींद्रचंद्र नंदी यांच्या देणगीतून काशी हिंदू विश्वविद्यालयात प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाचे अध्यासन निर्माण झाले होते. मोहेंजोदडोचे टेकाड प्रथम ओळखणारे राखालदास बॅनर्जी हे १९२८ पासून १९३० साली झालेल्या त्यांच्या अकाली मृत्यूपर्यंत या अध्यासनावर होते. त्यांच्या पश्चात ही जागा अळतेकरांकडे आली, आणि आपल्या सेवेचा ऐन बहराचा काळ त्यांनी तेथे काढला. मालवीयजींच्या या विद्यापीठात देशाच्या साऱ्या प्रांतांतून मुले येत. त्यांना शिकविता शिकविता अळतेकरांनी हिंदीतही ग्रंथ लिहिले, ‘प्राचीन भारतीय शासन-पद्धति’ आणि ‘गुप्तकालीन मुद्राएँ’ हे त्यांतले प्रसिद्ध. मराठी वाचकाच्या नशिबी मात्र त्यांचे थोर ग्रंथ इंग्रजीतूनच आले.

राष्ट्रकूटांवरील ग्रंथाकडे आता वळू, कारण या साऱ्या चरित्राचा तोच कणा आहे. प्राध्यापकाचे संशोधन म्हणजे काय, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी त्यातले कोणतेही पान उघडावे. राष्ट्रकूटांचा इतिहास सांगणारी बखर नाही, की तवारीख नाही. आहेत ते ताम्रपट आणि शिलालेख. दगडावरील लेखाचा ठसा घ्यावयाचा म्हणजे ओला कागद अक्षरांवर पसरून तो ब्रशाने असा ठोकावयाचा की, प्रत्येक खाचेत कागद उतरला पाहिजे, आणि मग शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवावयाचा. अक्षरे पांढरी आणि भोवताल काळा असा कागद हाती येतो. तो वाचावयाचा, त्यातला शक, मास, तिथी आणि वार यांचा मेळ स्वामिकन्नू पिळ्ळै यांच्या कोष्टकांवरून बसवून पाहावयाचा, मेळ बसला नाही तर लेख बनावट की लेखकाची चूक, याचा निर्णय करावयाचा, आणि अशा पाच-पन्नास लेखांतून एका राजाच्या वीस वर्षांची साखळी जोडावयाची. सामानगडचा ताम्रपट शके ६७५ चा, म्हणजे इ. स. ७५३-५४ चा, त्यात दन्तिदुर्गाने चालुक्य कीर्तिवर्म्याचे सार्वभौमत्व हिरावून घेतल्याचे वर्तमान आहे. तेथून आरंभ करून, वेरूळचे कैलास लेणे खोदविणारा पहिला कृष्ण, कनोजपर्यंत धडक मारणारे ध्रुव आणि गोविंद, कन्नड काव्यशास्त्राचा आश्रयदाता अमोघवर्ष, आणि अखेर ९७२ साली परमार सीयकाने केलेली मालखेडची लूट व त्यानंतर तैलपाने मिळविलेले राज्य, असा सुमारे सव्वादोनशे वर्षांचा पट अळतेकरांनी उभा केला.

परंतु राजवंशावळीसाठीच हा ग्रंथ मोठा आहे असे नाही. ग्रंथाचा मोठा भाग राज्यकारभार, धर्म, समाज, शेती, व्यापार, शिक्षण आणि वाङ्मय यांना दिलेला आहे, आणि त्या काळच्या इतिहासलेखनात ही गोष्ट सामान्य नव्हती. राष्ट्र, विषय, भुक्ति आणि ग्राम अशी उतरंड. तिच्यात राष्ट्रमहत्तर, विषयमहत्तर आणि ग्राममहत्तर या प्रतिष्ठितांच्या मंडळांचे स्थान. ग्रामकूट म्हणजे गावचा मुख्य. उद्रंग, उपरिकर, भूतोपात्तप्रत्याय अशी करांची नावे, ज्यांचा नेमका अर्थ लावताना पंडितांच्याही नाकी नऊ येतात. दानपत्रात राजा गाव इनाम देतो तेव्हा कोणकोणते उत्पन्न सोडतो आणि कोणते राखून ठेवतो, यांतून अळतेकर सरकारी वसुलाचे स्वरूप बाहेर काढतात. इनाम, वतन, जमाबंदी आणि वहिवाट यांच्या भांडणांत पिढ्यान् पिढ्या घालविलेल्या मराठवाड्याच्या वाचकाला ही प्रकरणे घरची वाटावीत. वकिलीची पदवी घेतलेला मनुष्य ताम्रपट वाचीत आहे, हे या पानांवर पदोपदी जाणवते: साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी तो लेखाची घेतो.

आता लट्टलूरचा प्रश्न. राष्ट्रकूट मूळचे कोण, यावर अळतेकरांपूर्वी बरीच धूळ उडाली होती. कुणी त्यांना राजपुतान्यातील राठोडांशी जोडले, कुणी आंध्रातील रेड्ड्यांशी. आणि चिंतामणराव वैद्यांनी ते आजच्या मराठ्यांचे पूर्वज व महाराष्ट्रीयच, असा दावा मोठ्या आवेशाने मांडला. मराठी माणसाच्या कानाला हा दावा गोड लागणार हे सांगावयास नको. अळतेकर स्वतः मराठी, ग्रंथ पुण्याला छापलेला, वाचक बहुशः मराठी. वैद्यांच्या पक्षाला जाऊन मिळणे त्यांना सर्व बाजूंनी सोयीचे होते. त्यांनी पुरावा पाहिला. घराण्यातील पुरुषांच्या कानडी सह्या आणि उपाधी, अमोघवर्षाच्या दरबाराशी निगडित असलेला ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ, आणि लट्टलूरभोवतीचा मुलूख त्या काळी कन्नडभाषी असल्याची चिन्हे, यांवरून त्यांनी निर्णय दिला की, या घराण्याची मातृभाषा कन्नड होती. त्यांचे मूलस्थान लातूर, तेथून एक शाखा उत्तरेस वऱ्हाडात एलिचपुराकडे जाऊन मांडलिक झाली, आणि तिच्यातून पुढे दन्तिदुर्गाचा उदय झाला, असा त्यांचा एकंदर सिद्धांत आहे. यातील एलिचपुराच्या दुव्यावर पुढे मतभेद झाले, आणि ते होणे स्वाभाविक होते, कारण तिवरखेड आणि मुलताई येथील ताम्रपटांत भेटणारा नन्नराज हा दन्तिदुर्गाच्या घराण्याचा पूर्वजच होता हे सिद्ध करणारा धागा बारीक आहे. परंतु लातूर आणि कन्नड या दोन विधानांना सहसा कुणी धक्का लावू शकले नाही.

आमच्या मते हा निर्णय अळतेकरांच्या साऱ्या पदव्यांहून मोठा आहे. सीमाप्रश्नाने मराठी व कन्नड भाषिकांची मने पुढे किती कलुषित झाली हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना, एका मराठी प्राध्यापकाने दख्खनच्या सर्वांत वैभवशाली घराण्याचे मराठीपण १९३४ साली निमूटपणे नाकारले, यातले धैर्य कळेल. शिवाय उमरगा, नळदुर्ग, तुळजापूर या भागातील माणसाला हा सिद्धांत परका वाटण्याचे कारणच नाही. त्याच्या आजोळी कानडी आणि घरी मराठी अशी स्थिती कित्येक ठिकाणी आजही आहे.

त्याच १९३४ सालाने धाराशिवला आणखी एक देणगी दिली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी कारंजा येथील जैन ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांच्या प्रकाशनाचे जे कार्य हाती घेतले होते, त्यात कनकामर मुनीचे ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य त्या वर्षी बाहेर पडले. त्यातला करकंड राजा दक्षिणेकडे येतो तो तेरापूरला. जवळच्या डोंगरावर एक लेणे आहे, आणि एक हत्ती रोज तळ्यातून सोंडेत पाणी व कमळ घेऊन येतो आणि एका वारुळाची पूजा करितो, असे त्याला कळते. वारूळ खणविल्यावर पार्श्वनाथाची मूर्ती निघते. पुढे लेण्यातली एक गाठ फोडताच पाण्याचा लोट उसळतो, आणि राजा आणखी लेणी खोदवितो. प्रा. जैन यांनी तेरापूर म्हणजे तेर, आणि ही लेणी म्हणजे धाराशिव गावाच्या उशाशी असलेली लेणी, असे प्रतिपादन केले. जेम्स बर्जेसने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या वृत्तान्तात या लेण्यांची मापे दिली होती, नकाशे काढले होते. त्या दगडांना एक कथा मात्र वऱ्हाडातल्या प्राध्यापकाने मिळवून दिली. काव्यातली कथा हा लेण्यांच्या कालनिर्णयाचा पुरावा मानता येत नाही, हे अर्थातच खरे. लेणी काव्याहून कित्येक शतके जुनी आहेत. तथापि अकराव्या शतकाच्या सुमारास ती लोकांना कुणाची व कशी वाटत होती, याचा तो अस्सल दाखला आहे.

तेरचे नाव निघाले म्हणून थोडे थांबले पाहिजे. इ. स.च्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने आपल्या ‘पेरिप्लस’ नामक वृत्तान्तात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर अशी नोंद केली आहे, आणि तगराहून गाड्या भरभरून जाडे कापड व मलमल भडोचच्या बंदरी येत असल्याचे म्हटले आहे. हे तगर शोधण्यासाठी पंडितांनी देवगिरी, जुन्नर, धारूर अशी सारी दख्खन पालथी घातली. शेवटी १९०१ साली फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखविले, आणि लगोलग हेन्री कझेन्स यांनी तेथे जाऊन विटांची देवळे पाहिली. आज ज्याला त्रिविक्रमाचे देऊळ म्हणतात त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार आणि छत गजपृष्ठाकार आहे. विष्णूच्या त्या घरात कझेन्सला बौद्ध चैत्यगृह दिसले. गावात गोरोबाकाकांच्या समाधीला येणारा वारकरी या देवळावरून जातो, आणि आपण दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेठेतून चाललो आहोत हे जाणण्याची त्याला गरजही भासत नाही. कोकणात आणि कोल्हापुराकडे राज्य करणारे शिलाहार आपल्याला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. म्हणजे राष्ट्रकूटांचे लट्टलूर आणि शिलाहारांचे तगर, ही दख्खनच्या दोन राजकुळांची माहेरे एकाच जिल्ह्यात, परस्परांपासून फार तर दोन-तीन दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवर होती. शिलाहारांवरही अळतेकरांनी विस्तृत निबंध लिहिला; त्यांचे सारे लेख एकत्र करण्याचे काम पुढे नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी १९७७ साली पुरे केले.

आणि या साऱ्या काळात प्रत्यक्ष धाराशिवात काय चालले होते? १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे गेलेला आणि १८६० साली निजामाला परत मिळालेला हा मुलूख पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. नळदुर्गच्या किल्ल्यात बसून मेडोज टेलरने येथला कारभार पाहिला होता. पुढे ठाणे धाराशिवास आले आणि मीर उस्मान अली खानाच्या नावावरून गावाचे व जिल्ह्याचे उस्मानाबाद झाले. अव्वल तालुकदाराची कचेरी, उर्दू दफ्तर, उर्दू शिक्षण. त्याच निजामाच्या नावाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादेस निघाले. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो पहिलाच मोठा प्रयोग होता आणि त्याची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही, पण ती भाषा मराठवाड्याची नव्हती. लोहारा तालुक्यातील हिप्परग्याला लोकांनी राष्ट्रीय शाळा चालविली, आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ यांनी शिक्षक म्हणून तेथे काम केले, ते याच परिस्थितीत.

उस्मानियातील इतिहासाचे प्राध्यापक हारून खान शेरवानी हे अलीगडकडचे, ऑक्सफर्डला शिकलेले, १९१९ साली या विद्यापीठात आलेले. त्यांनी १९४२ साली महमूद गवानाचे चरित्र आणि १९५३ साली बहामनींचा इतिहास लिहिला. परंड्याचा किल्ला परंपरेने महमूद गवानाच्या नावावर सांगितला जातो, आणि नळदुर्गाची कथाही बहामनी व आदिलशाही सत्तांशी बांधलेली आहे. तेव्हा या जिल्ह्याचा प्राचीन काळ काशीच्या प्राध्यापकाने आणि मध्ययुग हैदराबादच्या प्राध्यापकाने लिहिले, दोघांनीही इंग्रजीत. जिल्ह्यातल्या जिज्ञासू शाळामास्तराला दोन्ही ग्रंथ सारखेच दूर होते.

अळतेकरांच्या सर्वच ग्रंथांना काळाने सारखे वागविले नाही. १९३८ साली त्यांनी हिंदू संस्कृतीतील स्त्रियांच्या स्थितीवर जो ग्रंथ लिहिला तो सर्वांत अधिक खपला, सर्वांत अधिक वाचला गेला, आणि सर्वांत अधिक टीकेस पात्र ठरला. वेदकाळी स्त्री विद्यावती व स्वतंत्र होती, पुढे तिची क्रमाने अधोगती झाली, असा त्याचा सांगाडा आहे. त्यात उच्चवर्णीय कुटुंबातील स्त्रीच काय ती दिसते. दासी, कुळंबीण, मजुरीण यांना त्या सुवर्णयुगात जागा नाही. १९८८ साली उमा चक्रवर्ती यांनी या चौकटीला अळतेकरांचेच नाव देऊन तिच्या बाहेर पडण्याचे आवाहन केले. टीका बिनतोड आहे. राष्ट्रकूटांवर लिहिताना स्वप्रांताभिमानाच्या मोहाला ज्याने उभे केले नाही तो मनुष्य, राष्ट्राभिमानाच्या त्या काळात, वेदकालाच्या मोहाला बळी पडला असे म्हणावे लागते.

त्यांची खरी करमणूक म्हणजे नाणी. भारतीय मुद्रा परिषदेच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९४६ साली भरतपूर संस्थानात बयान्याजवळ एका शेतात गुप्त सम्राटांच्या सुवर्णमुद्रांचा हंडा सापडला. त्यांतील १८२१ नाणी एकेक करून तपासून, तोलून, वर्गवारी लावून अळतेकरांनी त्यांची सूची १९५४ साली प्रसिद्ध केली. एवढ्या राशीत ‘चक्रविक्रम’ प्रकारचे नाणे एकच निघाले: एका बाजूस चक्रासमोर उभा राजा आणि त्याला प्रसाद देणारा देव. शेकडो धनुर्धारी आणि अश्वारूढ राजे हातावेगळे करताना हे एक वेगळे आहे हे डोळ्यांत भरण्यासाठी जी नजर लागते ती पुस्तके वाचून येत नाही.

१९४९ च्या सुमारास ते पाटणा विद्यापीठात गेले, आणि तेथे काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेच्या द्वारा त्यांच्या हाती कुदळ आली. वयाची पन्नाशी उलटल्यावर ग्रंथालयातला प्राध्यापक खंदकात उतरला, हे आमच्या प्राध्यापकवर्गाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाटण्याच्या कुम्हरार या भागात स्पूनरने पूर्वी बहात्तर स्तंभांच्या मौर्यकालीन सभागृहाचा माग लावला होता; १९५१ ते १९५५ या काळात अळतेकर आणि विजयकांत मिश्र यांनी पुन्हा उत्खनन करून उरलेल्या स्तंभांचा छडा लावला आणि स्तंभसंख्या ऐंशीवर नेली. तेथेच एका विहाराच्या अवशेषांत मातीची एक मुद्रा मिळाली. तिच्यावर आरोग्यविहारातील भिक्षुसंघाचा उल्लेख कोरलेला होता, म्हणजे भिक्षूंच्या रुग्णालयाचाच तो शिक्का. पुढे १९५८ साली वैशालीस त्यांनी एक मातीचा स्तूप खणला, आणि त्याच्या पोटातून पवित्र अवशेषांची दगडी डबी बाहेर आली.

१९५८ हेच साल धाराशिवकरांनाही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुरातत्त्वज्ञ चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले, आणि त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. फ्लीटने तगर ओळखल्यापासून सत्तावन्न वर्षांनी त्याच्या मातीत पद्धतशीर खंदक पडला, आणि या प्रदेशातल्या मुलाला आपल्याच मुलखाच्या विद्यापीठात इतिहासाची पदवी घेण्याची सोय झाली. तेरमध्ये तोवर जे काम चालले होते ते रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच रहिवाशाने चालविले होते: पावसाने धुपलेल्या पांढरीतून मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या वेचून त्याने घरी संग्रह केला, आणि पुढे तो शासनाच्या संग्रहालयाचा पाया झाला. हा मनुष्य राजवाड्यांच्या जातीचा; अध्यासनाशी त्याचा संबंध नव्हता, पण त्याच्या वेचणीवाचून अध्यासनावरच्या पंडितांना तेरविषयी फारसे बोलता आले नसते.

हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे पहिले संचालक गुलाम याझदानी यांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा एक बृहद्ग्रंथ संपादिला. तो प्रसिद्ध व्हावयास १९६० साल लागले. तोपर्यंत निजामाचे राज्य गेले होते, संस्थानाचे तीन तुकडे झाले होते, आणि उस्मानाबाद जिल्हा आधी मुंबई राज्यात व मग नव्या महाराष्ट्रात आला होता. त्या ग्रंथात चालुक्यांवरचा भाग मद्रासच्या नीलकंठ शास्त्र्यांचा आहे. राष्ट्रकूट अळतेकरांकडे यावेत हे ठरल्यासारखेच होते. परंतु याझदानींनी देवगिरीचे यादवही त्यांच्याकडेच सोपविले, आणि त्यामुळे मधला चालुक्यांचा काळ सोडल्यास लट्टलूरच्या कानडी सम्राटांपासून ज्यांच्या अमदानीत ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या रामदेवरायापर्यंतची या मुलखाची हकीकत एकाच हातची लिहिलेली आपणांस वाचावयास मिळते. अळतेकरांच्या अखेरच्या प्रकाशित लेखनापैकी ते एक आहे.